स्मशानातल्या कपाटातून अस्थींचं गाडगं गहाळ: शोध कुठून सुरू करावा?

माळरान

विषय नाजूक आहे, म्हणून नुसती माहिती देतो. कुटुंब परिचयातलं. महापालिकेची स्मशानभूमी, नाव लिहीत नाही. पुरुष, वय ७४, दहन लाकडावर. तिसऱ्या दिवशी सकाळी सावडणं झालं. अस्थी मातीच्या गाडग्यात, तोंडाला लाल फडकं, वर कागदाची चिठ्ठी. नाशिकच्या रामकुंडावर नेईपर्यंत गाडगं तिथल्याच लोखंडी कपाटात, १७ नंबरच्या खणात ठेवलं. आठव्या दिवशी खण उघडला तर रिकामा. टोकन हातात आहे, वहीत ठेवल्याची नोंद आहे, नेल्याची सही नाही. कर्मचारी म्हणतात, "कुणीतरी चुकून नेलं असेल."

दहावा परवावर आलाय. कुठल्या क्रमाने काय करावं? डीएनए तपासून काही कळतं का? दहावा थांबवावा लागतो का?

जुनी_वही

कर्मचाऱ्यांचं म्हणणं टोलवाटोलवी वाटेल, पण बहुधा तेच खरं निघतं. अस्थी चोरून कुणाला काही मिळत नाही. गाडगं बदललं जातं. आणि बदललं असेल तर ज्यांनी तुमचं नेलं त्यांचं तिथेच उरलेलं असणार. म्हणून आधी आपलं गाडगं शोधू नका, उरलेलं गाडगं शोधा.

आज, आत्ता, या क्रमाने:

१. सगळे खण उघडून घ्या, रिकामे म्हणून नोंदलेलेसुद्धा. प्रत्येक गाडगं वहीतल्या नोंदीशी ताडा. वहीप्रमाणे "नेलं" पण प्रत्यक्षात जागेवर आहे, असं एक सापडलं की निम्मं काम झालं.

२. कपाटाबाहेरही बघा. खण भरलेले असले की गाडगी खिडकीच्या कट्ट्यावर, खुंटीला, वडा-पिंपळाच्या फांदीला टांगलेली असतात. नंतर कुणी ती आत आणून मोकळ्या खणात सरकवतं. गोंधळ इथे होतो.

३. वहीत तुमच्या तारखेच्या दोन दिवस मागेपुढे ज्यांची दहनं झाली, त्यांतल्या किती जणांनी चौथ्या ते आठव्या दिवसात गाडगी नेली ते काढा. यादी पाच-दहा नावांच्या पुढे जात नाही.

४. त्या लोकांचे फोन नंबर तुम्ही मागू नका, तुम्हाला द्यायचे नसतात. नोंद करणाऱ्या कारकुनालाच फोन करायला लावा. विचारायचं एवढंच: "फडक्याची गाठ कशी होती, चिठ्ठीवर नाव कुणाचं होतं, गाडगं अजून घरी आहे का?" "तुम्ही चुकीचं नेलंत का?" असं विचारलं की समोरचा लगेच "नाही" म्हणतो.

५. विभाग कार्यालयात लेखी अर्ज. टोकनची प्रत, दहनाच्या पावतीची प्रत, खणाचा नंबर, ठेवल्याची आणि उघडल्याची वेळ. आवक क्रमांक पडल्याशिवाय हलू नका.

पहिल्या चार गोष्टी दोन तासांत होतात. पाचवीने गाडगं मिळत नाही, पण ती नसेल तर पुढे कुणी दाद देत नाही.

आडवाट

सीसीटीव्ही असेल तर त्याच अर्जात "अमुक तारीख ते अमुक तारीख चित्रण जतन करावे" हे वाक्य टाका. जुन्यावर नवं चित्रण आपोआप चढतं. माहिती अधिकारात अर्ज केलात तर उत्तराला ३० दिवस, तोवर काही उरत नाही.

चिकणमाती

+१ जुनी_वही. कपाटाच्या किल्ल्यांबद्दल एक. स्वस्त लोखंडी कपाटांची कुलपं मोजक्याच साच्यांची असतात. १७ ची किल्ली २३ ला लागली तर नवल नाही. त्यामुळे "किल्ली आमच्याकडेच होती, मग दुसऱ्याने उघडलं कसं" यावरून भांडू नका. तिथल्या तिथे तीन-चार खणांना किल्ली लावून बघा, उत्तर मिळेल.

आता चिठ्ठीबद्दल, कारण बहुतेक वेळा घोळ तिथून सुरू होतो. सावडताना अस्थींवर दूध, पाणी, गोमूत्र शिंपडतात. अस्थी ओल्याच गाडग्यात जातात. लाकडाची राख ओली झाली की क्षार सुटतो, पूर्वी त्याच पाण्याने कपडे धूत. त्या पाण्याने कागद भुसभुशीत होतो आणि शाई फिकटते. वरून लाल फडक्याचा रंग उतरतो. चौथ्या दिवशी चिठ्ठीचा गुलाबी लगदा झालेला असतो आणि नावातलं एखादं "पा" किंवा "टी" तेवढं उरतं. शेजारी त्याच दुकानातलं, त्याच मापाचं, तसंच फडकं बांधलेलं गाडगं. नेणारा दुःखात, पहाटेची वेळ, खाली गाडी थांबलेली.

तेव्हा घरच्यांना बसवून या गोष्टी आठवून लिहून काढायला सांगा, उरलेली गाडगी दाखवायच्या आधी. एकदा गाडगं पाहिलं की सगळ्यांना "हो, असंच होतं" वाटायला लागतं:

- गाडग्याच्या गळ्यापाशी रेघ, टवका, काळा डाग?
- गाठ कुणी बांधली? सरगाठ की निरगाठ? खाली सुतळी की नाडा?
- फडकं नवं होतं की पंचाचा तुकडा? कडेला जर?
- आत अस्थींसोबत काय टाकलं? तुळशीचं पान, सोन्याचा मणी, नाणं, चंदनाचा तुकडा?
- अश्मा (मडकं फोडायचा दगड, त्यालाच जीवखडा म्हणतात) त्याच गाडग्यात होता की वेगळा?

शेवटचं फार महत्त्वाचं. काही घरांत जीवखडा अस्थींसोबतच बांधून ठेवतात, काही घरांत तो कर्ता स्वतःकडे ठेवतो.

घाटमाथा

डीएनएचा खर्च करायच्या आधी हाडाचा रंग बघा. भाजलेलं हाड रंगावरून बोलतं. पिवळट-तपकिरी म्हणजे आच कमी लागली. काळं म्हणजे आतलं सेंद्रिय जळून कोळसा झाला. राखाडी म्हणजे त्याच्या पुढे. पांढरं, खडूसारखं, बोटाने चुरगळणारं म्हणजे सेंद्रिय सगळं गेलं, उरला तो कॅल्शियमचा सांगाडा. पांढऱ्या तुकड्यातून ओळख पटण्याइतका डीएनए मिळेल ही आशा ठेवू नका. विद्युत किंवा गॅसदाहिनीतल्या अस्थी जवळजवळ सगळ्या पांढऱ्याच असतात. लाकडाच्या चितेवर आच सारखी नसते, कडेला पडलेला एखादा जाड तुकडा काळा-तपकिरी राहतो, त्यातून क्वचित काही निघू शकतं. पण तेही दिवसांचं नाही, आठवड्यांचं काम. दहाव्याच्या आत तर नाहीच.

त्यापेक्षा विचारा, शरीरात धातू होता का? गुडघ्याचा सांधा, खुबा, मांडीतली सळई, पाटी, स्क्रू. कृत्रिम गुडघ्याचा वरचा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमचा असतो, तो १३०० अंशांच्या पुढे वितळतो. टायटॅनियम १६०० च्याही पुढे. चिता तिथवर जात नाही. धातू काळवंडतो, पण राहतो, आणि त्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत बॅच क्रमांक कोरलेला असतो. तोच क्रमांक शस्त्रक्रियेच्या कागदांत चिकटवलेल्या छोट्या लेबलवर असतो. फाइल काढा. दात घासायच्या जुन्या ब्रशने राख झाडून भिंगातून बघितलं की अंक दिसतात. लोहचुंबकाला हे धातू सहसा चिकटत नाहीत, म्हणून "चुंबक फिरवला, काहीच नाही" यावर थांबू नका.

पेसमेकरचा उपयोग नाही. त्यातली बॅटरी आगीत फुटते म्हणून तो दहनाआधीच काढतात.

माळरान

डावा गुडघा बदललेला होता, फाइल सापडली, लेबल आहे. पण सावडताना धातूचा तुकडा गाडग्यात घेतला नव्हता, तिथेच राहिला.

आणि जुनी_वही, तुमचा अंदाज बरोबर. ११ नंबरचा खण वहीत "नेलं" आहे, सहीसकट. प्रत्यक्षात आत गाडगं आहे.

घाटमाथा

मग तो तुकडा आत्ता शोधा. धातू बहुतेक ठिकाणी एका डब्यात नाहीतर कोपऱ्यातल्या गोणीत साठवतात. त्याने गाडगं ओळखता येणार नाही, पण खालची गोष्ट साधेल.

लाकडावरच्या दहनात अस्थी आणि राख मिळून मोठा ढीग होतो. ३०० किलोच्या आसपास लाकूड लागतं, त्याची राख वेगळी. आपल्याकडे घरचे त्यातून डोकं, छाती, हात, पाय अशा ठिकाणच्या थोड्या अस्थी वेचून घेतात. उरलेली रक्षा तिथेच राहते. ती लगेच नदीत जातेच असं नाही. चौथरा मोकळा करायचा म्हणून गोणीत भरून काही दिवस बाजूला ठेवलेली असते. तुमच्या चौथऱ्याचा नंबर आणि वेळ पावतीवर असेल. त्या गोणीत तोच गुडघा निघाला, तर गोणी तुमचीच. मूळ गाडगं नाहीच मिळालं, तरी त्याच माणसाच्या अस्थी पुन्हा सावडता येतात. दाहिनीत मात्र असं होत नाही, तिथे ट्रे कोलत्याने ओढून लगेच पुढचं दहन लागतं.

शेवंता

हे आधी कुणी सांगत नाही! पहिला फोन कपाटाचा नाही, चौथऱ्याचा करायला हवा: "आमची गोणी हलवू नका."

दर्भासन

दहाव्याबद्दल. दहावा थांबवायचं कारण नाही. दशक्रिया पिंड आणि अश्म्यावर चालते, अस्थींवर नाही. दहा दिवसांच्या आत विसर्जन व्हावं असं धर्मग्रंथ सांगतात, पण नंतरही अस्थी तीर्थावर नेता येतात. दूर देशातून महिन्यांनी आणतातच की. अश्मा गाडग्यात होता आणि तोही गेला असेल तर गुरुजींना आज सांगा, दहाव्याच्या सकाळी घाटावर नको. अश्मा हरवल्यावर काय करायचं याची तरतूद आहे, पण ती शाखेप्रमाणे बदलते.

कुणीतरी लवकरच "पालाशविधी करा" म्हणेल, म्हणून आधीच लिहितो.

ओवाळणी

मीच लिहिणार होते :) पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृती करून तिचं दहन. त्याने प्रश्न मिटत नाही का?

दर्भासन

ताई, तो विधी देह किंवा अस्थी काहीच हाती लागलं नाही त्यांच्यासाठी. पुरात वाहून गेलेला, समुद्रात बुडालेला, परत न आलेला माणूस. डोक्याच्या जागी ४०, मानेला १०, असे देठ मांडून देह उभा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. इथे अग्निसंस्कार रीतसर झालाय. झालेल्या दहनावर पुन्हा दहन कशाला? अस्थी खरोखरच मिळाल्या नाहीत तर तीर्थावर नाव-गोत्र घेऊन तिलांजली, तीर्थश्राद्ध. शेवटचा शब्द घरच्या गुरुजींचा.

ओवाळणी

पटलं.

पाणवठा

थोडं अवांतर, पण हाच धागा सापडेल म्हणून विचारतो. गाडगं प्रवासात राहिलं तर? रेल्वेत, एसटीत?

आडवाट

रेल्वे: १३९ वर लगेच. पीएनआर, डबा, आसन, कुठे उतरलात. सुटलेल्या सामानासाठी रेल्वे सुरक्षा दलाचं "ऑपरेशन अमानत" आहे. वस्तूचं वर्णन करताना "अस्थी आहेत" हे स्पष्ट सांगा. बेवारस बंद मडकं म्हटलं की आधी बॉम्बचा संशय, आणि मग ते उघडलं किंवा दूर नेऊन ठेवलं जातं.

एसटी: तिकीट जपा. त्यावरून गाडी आणि वाहक कळतो. जिथे उतरलात त्या स्थानकातल्या वाहतूक नियंत्रकाला गाठा, तो पुढच्या थांब्याला फोन लावतो. गाडी मुक्कामाला ज्या आगारात जाते तिथे रात्री झाडलोट होते, त्याच्या आत निरोप पोचला पाहिजे.

विमान: सामानात टाकूच नका, हातात ठेवा. टाकलंच आणि पट्ट्यावर आलं नाही, तर विमानतळ सोडायच्या आधी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार आणि तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात २१ दिवस बॅग आली नाही की ती हरवली असं धरतात. भरपाई मिळते, पण भरपाई घेऊन करायचं काय.

टपाल: टपाल खात्याच्या "ओम दिव्य दर्शन" योजनेत स्पीड पोस्टने अस्थी हरिद्वार, प्रयागराज, वाराणसी, गयेला पाठवता येतात. पावतीवरचा १३ अक्षरांचा क्रमांक हाच एकमेव धागा. फोटो काढून ठेवा, पावतीची शाई उडते.

टेक्सासची_तुळस

अमेरिकेतलं लिहिते, इथल्या मराठी घरांना लागतं. दाहिनीत देहासोबत क्रमांकाची एक धातूची चकती जाते आणि ती अस्थींसोबतच परत येते. पिशवी उघडून ती बघा. चकतीवरचा क्रमांक आणि दहनाच्या दाखल्यावरचा क्रमांक जुळला तर शंका मिटली. इथे हाडं दळून देतात, रव्यासारखी. गाठ, फडकं, तुकड्याचा आकार यांतलं काहीच ओळखायला नसतं, म्हणून चकतीच सर्वकाही. प्रौढ माणसाच्या अस्थी साधारण दोन ते तीन किलो भरतात. अर्धा किलोच हातात आलं तर विचारा.

देशातल्या देशात पाठवायच्या तर फक्त सरकारी टपालाने, आणि १ मार्च २०२५ पासून त्यांच्याच ठरावीक खोक्यातून.

ब्रिटनमध्ये दहनाच्या नोंदवहीत रक्षेचं पुढे काय झालं हेही लिहिलेलं असतं: कुणी नेली की बागेत विखुरली. तिथे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांकडे न नेलेली रक्षा वर्षानुवर्षं फडताळात असते. पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांची चौकशी आजही करता येते, फक्त दहन कुठल्या दाहिनीत झालं ते हवं.

जुनी_वही

जुन्या शोधांत सगळे मृताच्या नावाने विचारतात आणि अडतात. ज्याने ठेवलं त्याच्या नावाने, ज्याची जागा त्याच्या नावाने विचारावं लागतं. आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला आहे, त्यांना अमेरिकेत आसरा देणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या नात्यातल्या कौटुंबिक जागेत. जागेचं आडनाव "जोशी" नाही. गांधीजींच्या रक्षेचा एक भाग कटकच्या स्टेट बँकेच्या तिजोरीत दशकानुदशके पडून होता, ३० जानेवारी १९९७ ला त्याचं प्रयागला विसर्जन झालं. याच्या उलट क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा. १९३० साली जिनिव्हात वारले, अस्थी जपायचे पैसे आधीच भरून ठेवले होते, २००३ साली कलश जागेवर मिळाला. क्रमांक आणि पावती असली की ७३ वर्षं पुरते.

आणि आपल्याकडे: "काकांनी अस्थी नेल्या होत्या, कुठे सोडल्या माहीत नाही, आता काकाही नाहीत" असं असेल तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या बघा. आडनाव आणि मूळ गाव सांगायचं, आता राहतो ते शहर नव्हे. वहीत कोण आलं, कुणासाठी आलं, सोबत कोण होतं हे आलेल्याच्या हस्ताक्षरात असतं. जुनी पानं मोडी लिपीत. हरिद्वार-प्रयागच्या पंड्यांकडेही तसंच.

माळरान

आजची स्थिती. उरलेली गोणी मिळाली, चौथऱ्यामागे होती. गुडघ्याचा भाग त्यातच निघाला, क्रमांक फाइलशी जुळला. ११ नंबरच्या खणवाल्या कुटुंबाशी कारकुनाचं बोलणं झालं. त्यांनी पाचव्या दिवशी गाडगं रामकुंडात सोडलंय. त्यांना काही कल्पना नव्हती, फोनवर रडायला लागले. घरचे विचारतायत की पोलिसांत जावं का, आणि ११ मधलं गाडगं आपणच सोबत सोडून द्यावं का?

आडवाट

पोलिसांत कशासाठी? भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ (पूर्वीचं २९७) भावना दुखावायच्या किंवा विटंबना करायच्या हेतूने केलेल्या कृत्याला लागतं. चुकून उचललेल्या गाडग्याला नाही.

दर्भासन

११ मधलं गाडगं तुम्ही सोडू नका, त्यांनी विनवणी केली तरी. ते त्यांचं आहे, त्यांच्या हाताने जाऊ दे. तुमच्या माणसाच्या अस्थी रामकुंडात गेल्याच आहेत, नाव दुसऱ्याचं उच्चारलं गेलं इतकंच. गोणीतल्या अस्थी घेऊन जा, संकल्पात नाव-गोत्र नीट उच्चारा. पाचव्या दिवशीच्या विसर्जनाचाही उल्लेख करायला गुरुजींना सांगा.

जुनी_वही

देवाणघेवाण स्मशानातल्या कार्यालयातच करा, रस्त्यात नको. दोन्ही घरचे एकेक जण, कारकून साक्षीला. साध्या कागदावर लिहा: तारीख, खण ११ आणि १७, गाडगं कुणाला दिलं, सह्या. दोन प्रती, तिसरी वहीत डकवा. "नेलं" नोंदीवर तांबड्या शाईने दुरुस्ती आणि तारीख, खाडाखोड नाही. १७ च्या नोंदीपुढे "बदली गेले, रामकुंडी विसर्जन" असं लिहून घ्या.

नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्या कुटुंबाच्या नावावर पाचव्या दिवसाची नोंद असेल. तिथेच, त्याच पानावर, तुमच्या माणसाचं नाव घालायला सांगा.

चिकणमाती

या वेळी चिठ्ठी नको. पातळ पत्र्याची पट्टी घ्या, दोन बोटं रुंद. दाभणाने नाव, तारीख, चौथऱ्याचा नंबर टोचून लिहा. एक पट्टी आत अस्थींसोबत, एक गळ्याला तारेने. आतली विसर्जनाआधी आठवणीने काढून घ्या.